किलोचा भाव

२०२४ च्या ऑक्टोबरमधली गोष्ट. दिवाळी पंधरवड्यावर आली होती, पाऊस जायचे नाव घेत नव्हता आणि जरा उघडीप मिळाली की दुपारचे ऊन ओल्या फडक्यासारखे अंगाला चिकटत होते. मी कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत कामावर होतो आणि घरी अण्णा एकटेच होते. माझे वडील शहाऐंशी वर्षांचे आहेत. कान साथ देत नाहीत, पण हिशेबाची नजर शाबूत आहे. पोस्टमन मी अमेरिकेहून मागवलेल्या चित्रपट-संगीताच्या सीडीचे पाकीट घेऊन दारात उभा राहिला आणि त्याने सीमाशुल्काचे १,३२५ रुपये मागितले. अण्णांनी मला फोन केला नाही. आपल्या औषधांच्या पैशांचा पत्र्याचा डबा उघडून त्यांनी नोटा मोजून दिल्या, सही केली, त्याला पाणी विचारले आणि पाकीट टेबलावर ठेवून दिले. मी संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा पाकीट तसेच बंद होते, पण त्याच्या शेजारी स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा आणून ठेवलेला होता.

"एकशेतीस ग्रॅम भरलं. कागदासकट," मी बूट काढत असताना अण्णा म्हणाले. "डॉलर काय भावानं धरू?"

"चौऱ्याऐंशी," मी म्हणालो.

पाकिटावर चिकटवलेल्या हिरव्या चिठ्ठीत मालाची किंमत १९.९८ डॉलर लिहिलेली होती आणि वरच्या कोपऱ्यात टपालाचे १७.५० डॉलर छापलेले होते. आकडे वाचायला इंग्रजी यावे लागत नाही. अण्णांनी कानामागची पेन्सिल काढली आणि सीमाशुल्काच्या पावतीच्या कोऱ्या पाठीवर, आधीच मांडून ठेवलेल्या ओळींपुढे रकमा भरल्या. माल आणि भाडे मिळून ३,१४८. जकात १,३२५. एकूण ४,४७३. मग खाली एक रेघ मारून त्यांनी भागाकार केला, पुन्हा एकदा पडताळून पाहिला आणि म्हणाले, "किलोला चौतीस हजार चारशे पडले." जरा वेळ पाकिटाकडे पाहत राहिले. "चांदीपेक्षा स्वस्त आहे म्हणायचं."

मग ते जेवायला उठले.

ते रागावले असते तर बरे झाले असते, असे मला त्या रात्री वाटले. रागाला उत्तर देता येते. पण त्यांच्या आवाजात राग नव्हता आणि टोमणाही नव्हता. एखाद्या नव्या मालाचा भाव समजून घेणाऱ्या माणसाचे कुतूहल तेवढे होते. खुपत होते ते वेगळेच. काही वर्षांपूर्वी कपाटातल्या सीडींच्या रांगांकडे बोट दाखवून त्यांनी विचारले होते, "ही एक केवढ्याला येते?" आणि मी न अडखळता "चारशे-पाचशे रुपये" असे सांगितले होते. त्यांनी ते मान्य केले होते. आता त्यांच्या हातात चिठ्ठी होती, पावती होती, वजन होते आणि माझा जुना आकडा त्यांच्या लक्षात नसेल हे शक्य नव्हते; ज्या माणसाला १९७४ च्या पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्याचा भाव आठवतो, तो हे विसरत नाही. तरीही त्यांनी तो विषय काढला नाही. आणि मी मात्र त्या क्षणीही त्यांना पूर्ण हिशेब सांगितला नाही. बँकेने परकीय चलनाच्या व्यवहारापोटी कापलेले साडेतीन टक्के आणि त्यावरचा जीएसटी मिळून १३० रुपये त्या कागदावर यायला हवे होते. मी गप्प राहिलो. साडेचार हजारांत एकशेतीस रुपयांनी काय फरक पडणार होता? तरी ते लपवावेसे वाटले, यावरून ही सवय किती मुरली आहे हे कळावे.

अण्णांनी उभी हयात शाहू मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी म्हणून काढली. सुट्टीत मी त्यांचा डबा घेऊन जात असे. दुकानात शिरताच उबदार, किंचित आंबूस गोड वास अंगावर यायचा. बारदानांवर तीस-तीस किलोचे रवे रचलेले असायचे, माश्या आणि मधमाश्या एकत्रच घोंगावत असायच्या, आणि व्यापारी येऊन रव्याचा कोपरा नखाने खरवडून, जिभेवर ठेवून, काही न बोलता पुढे सरकायचे. सौदा झाला की अण्णा पट्टी लिहीत. वर शेतकऱ्याचे नाव आणि गाव, मग रवे किती, वजन किती, भाव काय, आणि त्याखाली एकेक करून वजा होत जाणाऱ्या ओळी: हमाली, तोलाई, घेतलेली उचल. सगळ्यात खाली निव्वळ रक्कम. शेतकरी ती पट्टी दोन्ही हातांनी धरून वाचायचा. ज्याला वाचता येत नसे तो अण्णांच्या तोंडाकडे पाहायचा. "भाव तर चांगला लागला की ओ दिवाणजी, मग हातात एवढंच कसं?" हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की त्याची चाल मला पाठ आहे. अण्णा कधी चिडत नसत. पेन्सिलीचे टोक एकेका ओळीवर ठेवून ते पुन्हा वाचून दाखवत. ओळ लपवायची नाही, एवढाच त्यांच्या धंद्याचा धर्म होता. त्यांच्या पोटी जन्मून मी सतरा वर्षे ओळी लपवत आलो आहे.

या नादाची सुरुवात मात्र अगदी फुकटात झाली होती. मी आठवी-नववीत असताना गावातल्या एका टॉकीजला सकाळच्या खेळाला इंग्रजी चित्रपट लागत. मी मराठी शाळेत शिकणारा. पडद्यावरचे संवाद डोक्यावरून जात. ज्याला शब्द कळत नाहीत त्याला संगीताचाच आधार असतो, हे मला तेव्हा सांगता आले नसते, पण मी तसेच करत होतो. खालच्या सुरात काहीतरी घासल्यासारखे वाजू लागले की त्या माणसाचे बरे होणार नाही हे मला संवादांआधी कळायचे. एखादा शिंगासारखा भरदार आवाज डोंगरावरून घरंगळत आला की नायक परत निघाला आहे हे समजायचे. त्या वाद्याला फ्रेंच हॉर्न म्हणतात हे कळायला पुढे दहा वर्षे लागली. तोवर ते माझ्या लेखी परदेशी तुतारीच होते. खरी हानी शेवटी व्हायची. चित्रपट संपून नामावळी वर सरकू लागली, चित्रपटभर तुकड्यातुकड्यांनी ऐकलेली धून आता कुठे सलग, ऐसपैस वाजायला लागली, की दिवे लागायचे, दारे उघडायची, उन्हाचा लोळ आत यायचा आणि प्रोजेक्टरवाला खटका बंद करायचा. संगीत मध्येच, अगदी सुराच्या मध्यावर, तुटायचे. झाडूवाला खुर्च्यांखालच्या शेंगांची टरफले ओढत यायचा आणि मी तसाच बसून राहायचो. पुढचे तीन-चार मिनिटांचे काय होते, ते मला कधीच ऐकायला मिळाले नाही.

ती तीन-चार मिनिटे मी २००७ साली विकत घेतली.

तेव्हा डॉलर चाळीस रुपयांच्या आसपास होता. कॅलिफोर्नियातल्या एका विक्रेत्याकडे, शाळकरी वयात पाहिलेल्या एका चित्रपटाच्या पार्श्वसंगीताची सीडी पंधरा डॉलरला होती. टपालखर्च पाच डॉलर. आठशे रुपये. त्या काळच्या माझ्या पगारात ही रक्कम लहान नव्हती, पण आजच्या मानाने मला ती जवळजवळ दानच वाटते. अडीच आठवड्यांनी पाकीट आले, त्यावर कुणीही काही मागितले नाही. शेवटचा ट्रॅक पाच मिनिटे चाळीस सेकंदांचा होता. दिवे लागले नाहीत, दार उघडले नाही, ती धून आपल्या घरी परतावी तशी शेवटच्या सुरापर्यंत पोचली. मी ती सलग चार वेळा ऐकली. पाचव्या वेळी आई, तेव्हा ती होती, आतून म्हणाली, "झालं का रे तुझं ते?"

मी या बाजारात शिरलो तेच मुळी दार बंद होताना. त्याच वर्षीच्या मे महिन्यात अमेरिकेच्या टपालखात्याने परदेशी जाणारे समुद्रमार्गाचे टपाल बंद केले होते. जुने संग्राहक त्या जहाजी टपालाबद्दल बोलतात तेव्हा मला माझ्या आजीने सांगितलेला रुपयाचा शेर-दीड शेर तुपाचा भाव आठवतो. दोन-तीन महिने लागत, पण ते जवळपास फुकटात पडे. पुढे विमानाच्या टपालाचे दर चढत गेले, २०१३ च्या जानेवारीत एकदम मोठी उडी बसली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डॉलरने अडुसष्ट रुपये गाठले. अमेरिकेतल्या अमेरिकेत पुस्तके आणि तबकड्या धाडायला तिथे एक वेगळा स्वस्त दर आहे, मीडिया मेल नावाचा. तो देशाबाहेर चालत नाही. त्यामुळे ओहायोतल्या माणसाला तीच सीडी चार-पाच डॉलरच्या टपालात मिळते आणि मला टपालापोटी जवळजवळ दुसरी सीडी विकत घ्यावी लागते. त्यावर आमच्यासारख्यांनी तऱ्हेतऱ्हेच्या युक्त्या केल्या. चार सीडी एकत्र मागवायच्या. पण मग एकूण किंमत वाढून जकातीचा डोळा पडतो. विक्रेत्याला विनवणी करून प्लास्टिकची डबी काढून टाकायला लावायची आणि नुसती तबकडी व पुस्तिका मागवायची. अर्ध्याहून जास्त वजन डबीचेच असते. मग रिकाम्या डब्या मी महाद्वार रोडच्या एका दुकानातून दहा रुपयांना आणत असे. आता त्या दुकानात मोबाईलची कव्हरे मिळतात. शेवटच्या पन्नास डब्या मालकाने मला वजनावर दिल्या. त्या वेळी किलोच्या भावाने काही विकत घेण्यात मला काहीच विचित्र वाटले नव्हते.

मुळात ही सीडी तिथेही स्वस्त नसते, आणि त्याचे कारण मला पटते. अमेरिकेत चित्रपटासाठी वाजवलेले संगीत पुढे तबकडीवर काढायचे झाले तर वादकांच्या संघटनेच्या नियमानुसार त्या वादकांना पुन्हा मोबदला द्यावा लागतो. एके काळी हा मोबदला इतका जड पडे की सीडीवर चौऱ्याहत्तर मिनिटे मावत असताना आणि चित्रपटात तासाभराचे संगीत असताना, लॉस एंजलिसमध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या कित्येक चित्रपटांच्या सीडी जेमतेम तीस मिनिटांच्या निघत. पुढे मर्यादित प्रतींच्या आवृत्त्यांसाठी काही सवलत मिळाली आणि इंट्राडा, ला-ला लँड, व्हारेस सराबांद, स्पेनमधली क्वार्टेट अशा छोट्या कंपन्यांनी स्टुडिओंच्या तळघरांतल्या मूळ फिती शोधून, साफ करून, पूर्ण संगीत हजार, दीड हजार, तीन हजार प्रतींत काढायला सुरुवात केली. तीन हजार प्रती म्हणजे सगळ्या जगात मिळून तीन हजार. काही आवृत्त्या एका दिवसात संपतात, आणि आपल्याकडे पहाटेचे दोन वाजलेले असताना कोणीतरी कॅलिफोर्नियात दुपारी त्या विक्रीला काढतो. संपल्या की त्याच वीस डॉलरच्या तबकडीला दुसऱ्या हाताच्या बाजारात शंभर-दीडशे डॉलर पडू लागतात. या सगळ्यात भरडले जाण्याची माझी तक्रार पुष्कळ असली तरी वादकांच्या मोबदल्याची ओळ मला कधी खुपली नाही. चाळीस वर्षांपूर्वी एका दुपारी स्टुडिओत बसून ज्याने तो हॉर्न फुंकला, त्याच्या नावे माझ्या पट्टीतून चार पैसे जात असतील तर ती हमाली चोख आहे.

जकातीच्या ओळीबद्दल मी इतका उदार नाही. तिची रचनाच मोठी गमतीदार आहे. आधी मालाची किंमत, टपालखर्च आणि विमा यांची बेरीज होते आणि तिच्यावर सीमाशुल्क लागते. म्हणजे टपालखात्याने घेतलेल्या पैशांवरही कर. त्या सीमाशुल्कावर तेव्हा समाजकल्याणाचा अधिभारही होता. मग या सगळ्याची बेरीज करून तिच्यावर जीएसटी. काहिलीतल्या रसाला चुलवाणावर उकळ्या फुटाव्यात तशी रक्कम फुगत जाते, फरक इतकाच की रस शेवटी आटतो. यातून सुटायला मी पूर्वी विक्रेत्यांना हिरव्या चिठ्ठीवर 'भेटवस्तू' लिहायला सांगत असे. कोण कुठला नेवाडातला निवृत्त माणूस मला, कोल्हापुरात, बाविसावी भेट पाठवतो आहे! बहुतेक जण लिहीत. एका ब्रिटिश गृहस्थाने मात्र नम्रपणे कळवले की आपण खोटे लिहीत नाही, आणि मी त्याच्याकडून खरेदी करणे बंद केले. सज्जन माणसाकडून व्यवहार करणे मला परवडत नव्हते. डिसेंबर २०१९ मध्ये सरकारने भेटवस्तू म्हणून बिनजकात माल आणण्याची ती वाटच बंद केली. अपवाद दोनच ठेवले: जीवरक्षक औषधे आणि राखी. मी बराच वेळ राखीचा विचार केला, हे इथे कबूल करून टाकतो.

त्याच वर्षीचा ऑगस्ट मला वेगळ्या कारणाने आठवतो आणि ते सांगताना आजही मान खाली जाते. पंचगंगेला महापूर आला होता. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी चढून वाहतूक ठप्प झाली, शहरात दुधाची आणि पेट्रोलची टंचाई सुरू झाली, शाहूपुरीत आणि नागाळा पार्कात होड्या फिरत होत्या. कारखाना बंद होता. आमच्या भागात पाणी नव्हते, म्हणून गल्लीतल्या बायका चपात्या लाटून पूरग्रस्तांसाठी पाठवत होत्या आणि मी त्या पोचवत होतो. आमच्या विभागातला एक सहकारी चिखलीचा. त्याचे कुटुंब घराच्या पत्र्यावर बसले होते आणि त्याच्या फोनची बॅटरी संपली होती. हे सगळे ठाऊक असताना, दर दोन तासांनी, चपात्यांचे गाठोडे मांडीवर घेऊन बसलेला मी, जपानहून निघालेल्या एका सीडीचा ठावठिकाणा मोबाईलवर पाहत होतो. ते पाकीट मुंबईहून निघाले होते आणि पुढे कुठेतरी थांबले होते. कुठे थांबले असेल, त्या गोण्या उघड्यावर असतील का, जपानी सीडीच्या डबीला कागदाचा जो पट्टा असतो, ओबी म्हणतात त्याला, तो भिजला तर किंमत निम्म्यावर येते, असले विचार मनात येत होते. सहकाऱ्याची माणसे सुखरूप निघाली. पाकीट आठवड्याने आले. तिथल्या विक्रेत्याने ते तीन थर प्लास्टिकमध्ये इतके निगुतीने बांधले होते की ओबीला सुरकुतीसुद्धा पडली नव्हती. मी ती सीडी त्यानंतर दोन महिने लावली नाही. हा पश्चात्ताप होता की नुसताच संकोच, ते मला नीटसे सांगता येणार नाही, आणि दोन महिन्यांनंतर मी ती लावलीच.

हे सगळे संगीत आता मोबाईलवर मिळते ना, असा प्रश्न मला मुलगी विचारते. बरेचसे मिळते, आणि ते तिथे ऐकताना मला काही कमी ऐकू येते असा दावा मी करणार नाही. माझे कान आता पन्नाशीपलीकडचे आहेत आणि कारखान्यातल्या यंत्रांनी त्यांचे वरचे सूर कधीच खाऊन टाकले आहेत. पण मोबाईलवर एखादी धून आज असते आणि उद्या हक्कांच्या कुठल्याशा वादात नाहीशी होते. मग मला तो प्रोजेक्टरवाला आठवतो. शिवाय कागदांचे आणि फितींचे काय होते हेही मी वाचले आहे: १९७० च्या सुमारास एमजीएम या बलाढ्य स्टुडिओने आपल्या चित्रपटांच्या स्वरलिपींचे ढीग जागा अडते म्हणून कचऱ्यात पुरून टाकले. हे वाचून मला हळहळ वाटली, आणि त्या हळहळीच्या मागोमाग जरा लाजही वाटली. मराठीतला पहिला बोलपट १९३२ साली माझ्याच गावात तयार झाला. जयप्रभा स्टुडिओवरून मी आठवड्यातून दोनदा जातो. त्या भिंतींआड ज्या चित्रपटांचे काम झाले त्यांची गाणी आजही ऐकायला मिळतात. पण गाण्यांच्या मधले, संवादांखालून वाहणारे ते पार्श्वसंगीत कुणी सुटे काढून, साफ करून, हजार प्रतींत विकायला ठेवलेले मी पाहिलेले नाही. समजा उद्या कुणी ठेवले, तर त्याला मी, या पाकिटाला बँकेच्या कापणीसकट पडले तसे, ४,६०३ रुपये देईन का? प्रामाणिक उत्तर असे आहे की मी तीनशेला मागेन, आणि साडेतीनशेला घेताना कुरकुर करेन. परदेशी मालाला भाव देताना माझी जी तत्परता असते ती इथे कुठे जाते, याचा मी अनेकदा विचार केला आहे. बहुधा बालपणी जे तुटले तेच सांधायला माणूस पैसे मोजतो, आणि मराठी चित्रपटात मला सगळे शब्द कळत होते.

त्या पाकिटानंतरच्या रविवारी मी माझी वही अण्णांपुढे ठेवली. अडत दुकानातूनच आलेली, लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट चोपडी आहे ती. २००७ पासूनची प्रत्येक परदेशी सीडी तिच्यात आहे आणि, हे सांगायला हवे, तिच्यात एकही आकडा खोटा नाही. घरात खोटे बोलणाऱ्यालाही खरे लिहून ठेवायला एक जागा लागते. अण्णा खिडकीशी बसले, चष्मा पुसला आणि पहिल्या पानापासून वाचू लागले. तासभर त्यांनी मान वर केली नाही. मध्ये एकदा ते "आठशे" एवढेच पुटपुटले. शेवटच्या पानावर आल्यावर त्यांचे बोट एका रकान्यावर थांबले.

"हे 'बँ.' म्हणजे काय?"

"बँकेचं," मी म्हणालो. "परकीय चलनाचं कापतात ते. त्या दिवशी तुम्हांला सांगायचं राहिलं."

"राहिलं," अण्णा म्हणाले. त्यांनी खिशातून ती पावती काढली, ४,४७३ वर एक स्वच्छ आडवी रेघ मारली आणि खाली ४,६०३ लिहिले. मी वाट पाहत होतो की आता चारशे-पाचशेचा विषय निघेल. त्यांनी वही मिटली नाही. "आणि घट किती धरलीस?"

मला आधी समजलेच नाही. मग समजले. गूळ पावसाळ्यात पाघळतो, रवे फुटतात, मुंग्या लागतात, काळा पडतो. घट धरल्याशिवाय कुठल्याही मालाचा खरा भाव निघत नाही. माझ्या वहीत तो रकाना नव्हता. मी न आलेल्या सीडींच्या नावांपुढे नुसती फुली मारली होती आणि पैसे परत मिळाले नाहीत तिथे फुलीभोवती गोल केला होता. आम्ही दोघांनी मिळून त्या गोलांतल्या फुल्या मोजल्या. सात पाकिटे कधी पोचलीच नाहीत. तीन पोचली, पण आत तबकडीला मध्यापासून कडेपर्यंत तडा. आणि एक होती ती मी कपाटातून काढून त्यांच्या हातात दिली. इंग्लंडमधल्या एका कारखान्यात १९८८ ते १९९३ या काळात बनलेल्या काही सीडींना हा रोग आहे: त्यांच्या लाखेच्या थराला पुस्तिकेच्या कागदातले गंधक सोसत नाही, आतली चांदी हळूहळू तपकिरी होत जाते आणि मग आवाजात खरखर सुरू होते, आधी कडेच्या ट्रॅकवर, म्हणजे नेमकी शेवटच्या नामावळीच्या संगीतावर. अण्णांनी ती खिडकीच्या उजेडात तिरपी धरली. कडेला गडद, आत फिकट होत गेलेला तांबूस-तपकिरी रंग.

"काळा पडलाय की गूळ," ते म्हणाले. नकळत त्यांचे नख कडेला गेले आणि खरवडायच्या आधी थांबले. "चालतो?"

"शेवटची दोन गाणी सोडून."

"मग हाही घटीतच."

मागवलेल्या १९७, त्यांतल्या वाया गेलेल्या ११, हाती लागलेल्या १८६. अण्णांनी ४,६०३ ला १९७ ने गुणले, १८६ ने भागले आणि पुन्हा त्या १३० ग्रॅमवर येऊन किलोचा भाव काढला. पेन्सिलीचे टोक बोथट झाले होते. मी चाकूने करून दिले. सदतीस हजार पाचशे. त्यांनी तो आकडा पावतीवर नाही, तर माझ्या चोपडीत, शेवटच्या ओळीखाली, पट्टीत लिहीत तशा वळणदार अक्षरांत लिहिला आणि त्याच्यापुढे 'घटीसह' असा शेरा मारला. मग चष्मा कपाळावर सरकवून माझ्या हातातल्या मोबाईलकडे बोट केले.

"आज चांदी काय भाव आहे, बघ जरा."